एकच लस, एकच दिवस, तरी टायटर वेगळे: पिल्लांच्या आनुवंशिकतेचा वाटा किती?

प्रश्न थोडक्यात असा: कोंबड्यांच्या दोन स्ट्रेनची (पैदाशीच्या वाणांची), एकाच दिवशी निघालेली पिल्ले एकाच शेडमध्ये वाढवली. सातव्या दिवशी राणीखेतची एकाच बॅचची जिवंत लस डोळ्यात थेंब टाकून दिली. २८व्या दिवशी रक्त तपासले, तेव्हा एका स्ट्रेनचे एचआय टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचे मोजमाप) दुसरीपेक्षा स्पष्ट कमी निघाले. हा जातीचा दोष समजायचा का? आणि असेल तर लसीकरणाचा कार्यक्रम जातीप्रमाणे बदलायचा का?

आनुवंशिकतेमुळे फरक पडतो, याबद्दल शंका नको. पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्यातला मोठा भाग आडवाटेने येतो. पिल्लू किती वेगाने वाढते हे जात ठरवते. वाढीच्या वेगावर आईकडून आलेली प्रतिपिंडे किती दिवस टिकतील ते ठरते, आणि त्यावरून दिलेली लस लागू पडते की वाया जाते ते ठरते. रोगप्रतिकाराच्या जनुकांचा थेट परिणाम याच्या मागे दडलेला असतो. म्हणून कमी टायटर दिसल्याबरोबर 'ही जातच कमजोर' असा निष्कर्ष काढू नका. आधी तारीख तपासा, मग जनुके.

त्याहूनही आधी तपासायची गोष्ट म्हणजे टायटरचा आलेख. सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक पिल्लाचा आकडा लॉग२ मध्ये मांडा (दर पायरीला टायटर दुप्पट: १६ म्हणजे ४, ६४ म्हणजे ६). आनुवंशिक फरक असेल तर सगळा डोंगरच डावीकडे सरकलेला दिसतो: शून्यावर फारसे कोणी नसते आणि बहुतेक पिल्ले एक-दोन पायऱ्या खाली असतात. लस चुकली असेल तर दोन डोंगर दिसतात. काही पिल्ले शून्य ते दोनवर गठ्ठ्याने बसलेली, बाकीची पाच-सहावर, आणि मधे पोकळी. असा आलेख आला तर जातीची चर्चा तिथेच थांबवा. थेंब डोळ्यात न पडता गालावर पडला, लस पातळ केल्यावर दोन तास उन्हात राहिली, पाण्यातून दिली असेल तर पाण्यात क्लोरीन होते किंवा मागच्या रांगेतल्या पिल्लांपर्यंत पाणी पोचलेच नाही, ही त्याची नेहमीची कारणे. एचआयऐवजी एलायझा चाचणी केली असेल तर सीव्ही (आकड्यांच्या विखुरलेपणाची टक्केवारी) पाहा. ४० टक्क्यांच्या आत असेल तर लस सगळ्यांना सारखी मिळाली असे मानायला हरकत नाही. ६० च्या वर गेला तर आधी लस देण्याची पद्धत दुरुस्त करा, कारण त्या गोंधळात जातीचा फरक वाचताच येत नाही.

एक तांत्रिक सूचनाही इथेच देतो. एचआयची सरासरी नेहमी लॉग२ मध्ये काढा. १६, ६४, २५६ असे मूळ आकडे बेरजेत घेतले तर दोन-तीन उंच पिल्ले अख्ख्या कळपाची सरासरी ओढून नेतात. आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या एलायझा किटचे आकडे एकमेकांशी ताडू नका, त्यांची मोजपट्टीच वेगळी असते.

आता मुख्य मुद्दा, आईच्या प्रतिपिंडांचा.

पिल्लाला आईची आयजीवाय प्रतिपिंडे बलकातून मिळतात. पहिल्या तीन-चार दिवसांत बलक शोषला जात असतो, म्हणून त्या काळात टायटर फारसे उतरत नाही. नंतर ठराविक काळाने ते निम्मे होत जाते. गंबोरो हा बर्सा या अवयवावर हल्ला करणारा विषाणूजन्य रोग; त्याच्या प्रतिपिंडांचा हा अर्धायुकाळ ब्रॉयलरमध्ये ३ ते ३.५ दिवस, ब्रॉयलर ब्रीडरच्या पिल्लांत साधारण ४.५ दिवस आणि लेयरमध्ये ५.५ दिवसांच्या आसपास धरतात. प्रतिपिंडे नष्ट होण्याबरोबर ती वाढत्या रक्तात पातळही होत असतात. ब्रॉयलरचे वजन आणि रक्त झपाट्याने वाढते, त्यामुळे त्याचे टायटर लवकर उतरते. लेयर पिल्लू हळू वाढते, त्याचे उशिरा उतरते.

गंबोरोच्या लसीची तारीख काढायच्या डेव्हेंटर सूत्रात हा फरक किती मोठा होतो ते बघा. लसीची तारीख = (पिल्लाचे टायटर लॉग२ मध्ये, वजा लस ज्या टायटरला लागू पडते ते लॉग२ मध्ये) गुणिले अर्धायुकाळ, अधिक नमुना घेतला तेव्हाचे वय, अधिक शून्य ते चार दिवसांची दुरुस्ती. ही दुरुस्ती वर सांगितलेल्या बलकाच्या काळासाठी असते. नमुना पहिल्याच दिवशी, म्हणजे शून्य वयाला घेतला तर ४, तिसऱ्या दिवशी घेतला तर १, चौथ्या दिवशी किंवा नंतर घेतला तर शून्य. समजा दोन्ही स्ट्रेनचा नमुना तिसऱ्या दिवशी घेतला आणि दोन्हींचे टायटर ४००० आले. इंटरमीडिएट प्लस (जास्त कडक) लस ५०० टायटरला लागू पडते असे धरतात. ४००० वरून ५०० वर यायला तीनदा निम्मे व्हावे लागते. ब्रॉयलरचा अर्धायुकाळ ३ घेतला तर ९ + ३ + १ = १३वा दिवस. लेयरसाठी १६.५ + ३ + १, म्हणजे २०वा किंवा २१वा दिवस. इंटरमीडिएट (त्याहून सौम्य) लस साधारण १२५ टायटरला लागू पडते, म्हणजे पाचदा निम्मे व्हायला हवे. तेव्हा ब्रॉयलरला १९वा दिवस आणि लेयरला थेट ३१वा-३२वा. सुरुवातीचे टायटर तेच, लस तीच, आणि केवळ जातीच्या वाढीमुळे तारखेत एक ते दोन आठवड्यांचे अंतर पडले.

इथे कोणाचे टायटर सूत्रात घालायचे हेही ठरवावे लागते. १८ ते २० पिल्लांचे रक्त घ्या, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि ब्रॉयलरमध्ये साधारण ७५ टक्के पिल्ले ज्या आकड्याच्या आत येतात तो घ्या. २० नमुने असतील तर तो पंधरावा आकडा. सरासरी घातली तर जवळजवळ निम्म्या पिल्लांना लस लवकर पडते. आकड्यांत फार विखुरलेपणा असेल, उदाहरणार्थ तरुण आणि वयस्क अशा दोन ब्रीडर कळपांची अंडी मिसळलेली असतील, तर एका तारखेत सगळी पिल्ले बसत नाहीत. तिथे दोनदा लस द्यावी लागते.

मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या दोन स्ट्रेनपैकी टायटर कमी आलेली स्ट्रेन हळू वाढणारी असेल, तर सातव्या दिवशी तिच्या अंगात आईची राणीखेतची प्रतिपिंडे जास्त शिल्लक असण्याची शक्यता मोठी आहे. डोळ्यातून दिलेली जिवंत लस डोळ्यामागची हार्डेरियन ग्रंथी आणि श्वासमार्गात स्थानिक प्रतिकार तरीही तयार करते, पण रक्तातले टायटर दबलेलेच राहते. २८व्या दिवशी तुम्ही मोजले ते फक्त रक्तातले. शिवाय दोन्ही स्ट्रेनच्या आया वेगळ्या कळपांतल्या, त्यांचे लसीकरण वेगळे, वय वेगळे. हा आईचा परिणाम आहे. तो पिल्लाच्या जनुकांतून आलेला नाही, आणि नेमके हेच बहुतेक तुलनांमध्ये एकमेकांत मिसळते.

तरीही आईचा हिशेब चुकता केल्यावर खरा आनुवंशिक फरक उरतोच. पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याचा बर्सा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी जिथे तयार होतात तो अवयव) तयार असतो, पण प्रतिपिंडे बनवण्याची यंत्रणा पूर्ण चालू व्हायला पुढचे दोन-तीन आठवडे लागतात. ही पक्वता कधी येते यात जातीजातींत आणि एकाच जातीच्या कुटुंबांतही फरक असतो. इस्रायलमध्ये ब्रॉयलर पिल्लांची ई. कोलाय लसीला लहान वयात मिळणाऱ्या प्रतिसादावर निवड केली, तेव्हा काही पिढ्यांतच उंच आणि खाली अशा दोन वेगळ्या ओळी तयार झाल्या, आणि त्यांच्यातला फरक मुख्यतः प्रतिसाद किती लवकर सुरू होतो यात होता. लस लहान वयात द्यायची असेल तर हा गुण मोलाचा, कारण लवकर जागे होणारे पिल्लू तीच लस लवकर वापरते.

प्रतिसादाचा प्रकारही जातीनुसार बदलतो. ब्रॉयलर पिल्लांत जोरदार पण अल्पकाळ टिकणारा आयजीएम (सर्वांत आधी बनणाऱ्या प्रतिपिंडांचा) प्रतिसाद दिसतो, तर लेयर पिल्लांत जास्त काळ टिकणारी प्रतिपिंडे आणि बळकट पेशी-प्रतिकार (प्रतिपिंडांऐवजी टी पेशींमार्फत होणारा). पाच-सहा आठवड्यांत बाजारात जाणाऱ्या पक्ष्याची निवड आणि वर्ष-दीड वर्ष अंडी देणाऱ्या पक्ष्याची निवड वेगळ्या दिशेने होत आली, त्याच्याशी हे जुळते. १९५७ च्या वाणाची जपून ठेवलेली ब्रॉयलर पिल्ले आणि २००१ ची व्यापारी ब्रॉयलर पिल्ले शेजारी-शेजारी ठेवून तपासली, तेव्हा नव्या पिल्लांची प्रतिपिंडे कमी निघाली, पण पेशी-प्रतिकार आणि दाहाचा प्रतिसाद जास्त निघाला. वाढीसाठी केलेल्या निवडीने प्रतिकाराचा तोल बदलला, असा त्याचा अर्थ मी लावतो. म्हणून आधुनिक ब्रॉयलरला जिवंत लस दिल्यावर शिंकांची आणि श्वासनलिकेच्या दाहाची प्रतिक्रिया जरा जास्त दिसली आणि टायटर त्या मानाने कमी आले, तर त्यात विसंगती नाही.

प्रतिपिंडे किती उंच जातील हा गुण आनुवंशिक आहे, हे सर्वांत स्वच्छपणे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या निवड-ओळींनी दाखवले. तिथे १९७० च्या दशकात सीगेल आणि ग्रॉस यांनी लेगहॉर्न पक्ष्यांना मेंढीच्या तांबड्या पेशींचे ०.२५ टक्के द्रावण ०.१ मिली शिरेतून दिले, पाच दिवसांनी टायटर मोजले आणि त्यावर उंच व खाली अशा दोन ओळी पुढे वाढवल्या. ओळी पिढ्यानुपिढ्या एकमेकींपासून दूर गेल्या. नेदरलँड्समध्ये वागेनिंगेनलाही असेच घडले. यातून दोन धडे मिळाले. पहिला, खाली-टायटरची ओळ वजनाने जड झाली. प्रतिपिंडे आणि वाढ यांची पक्ष्याच्या शरीरात ओढाताण असते. दुसरा जास्त महत्त्वाचा: उंच-टायटरची ओळ राणीखेत, मायकोप्लाझ्मा आणि कॉक्सिडियासमोर सरस ठरली, पण ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकससमोर खाली-टायटरच्या ओळीने बाजी मारली. टायटर उंच म्हणजे पक्षी एकंदरीत निरोगी, असे समीकरण मांडता येत नाही.

राणीखेत, गंबोरो, आयबी (संसर्गजन्य ब्राँकायटिस) यांसारख्या लसींच्या टायटरची आनुवंशिकता बहुतेक ठिकाणी कमी ते मध्यम सापडते, ढोबळमानाने ०.१ ते ०.४. म्हणजे एकाच कळपातल्या पिल्लांमधल्या फरकाचा बराच मोठा भाग आनुवंशिक नसतो. आणि जो असतो तो एखाद्या बलवान जनुकामुळे नव्हे, तर छोट्या छोट्या वाट्याच्या अनेक जनुकांमुळे. 'अमुक जनुक असलेली पिल्ले घ्या, लस शंभर टक्के लागेल' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे कोंबडीचे बी संकुल. १९५० मध्ये ते रक्तगट म्हणून ओळखले गेले. पुढे कळले की हेच कोंबडीचे एमएचसी, म्हणजे विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून टी पेशींना दाखवणारी यंत्रणा. ते १६व्या, अगदी छोट्या गुणसूत्रावर बसते. सस्तन प्राण्यांत हे काम करणारे अनेक रेणू असतात, त्यामुळे एक कमी पडला तर दुसरा सांभाळून घेतो. कोंबडीत पहिल्या वर्गाचा प्रामुख्याने एकच रेणू, बीएफ२, जोरात काम करतो. त्याची खोबण ज्या तुकड्यांना धरू शकते तेवढेच टी पेशींना दिसतात. बी२१ हॅप्लोटाइपची (बी संकुलाच्या एका आनुवंशिक प्रकाराची) खोबण ऐसपैस असते, ती नाना तऱ्हेचे तुकडे धरते. बी४, बी१५, बी१९ यांची खोबण काटेकोर, मोजकेच तुकडे घेणारी. मरेक्समध्ये (गाठी आणि लकवा आणणारा विषाणूजन्य रोग) बी२१ प्रतिकारक्षम आणि बी१९ संवेदनशील हा जुना अनुभव या रचनेशी चांगला जुळतो. वर सांगितलेल्या व्हर्जिनियाच्या ओळींतही उंच ओळीत बी२१ आणि खाली ओळीत बी१३ हॅप्लोटाइप साठत गेला.

लसीच्या निवडीशी याचा संबंध असा. जिवंत, अख्ख्या विषाणूची लस शेकडो तुकडे पुरवते, त्यातला एखादा तरी काटेकोर खोबणीतही बसतो. एकाच प्रथिनावर बेतलेल्या लसीत तुकड्यांची निवड मर्यादित असते, म्हणून तिथे पेशी-प्रतिकारात जातीचा फरक जास्त उघडा पडू शकतो. शुद्ध किंवा अंतःप्रजनित ओळींत दोन्ही प्रती एकच असल्याने हे ठळक दिसते. बाजारातली बहुतेक व्यापारी पिल्ले तीन-चार ओळींचा संकर असतात, दोन वेगळे हॅप्लोटाइप घेऊन येतात, आणि फरक बराच झाकला जातो. छोट्या, बंद कळपात वर्षानुवर्षे त्याच नरांवर पैदास होत असेल तर मात्र हा धोका खरा आहे.

मरेक्सच्या लसीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जात आणि लस यांची सांगड इथे सर्वांत स्पष्ट आहे. तीन प्रकारच्या लसी वापरात आहेत: टर्कीचा हर्पिस विषाणू म्हणजे एचव्हीटी, दुसऱ्या सेरोटाइपची (विषाणूच्या उपप्रकाराची) एसबी-१ आणि पहिल्या सेरोटाइपची रिस्पेन्स. फक्त बी हॅप्लोटाइपमध्ये फरक असलेल्या पक्ष्यांवर या लसी ताडून पाहिल्या, तेव्हा कोणती लस पहिली येते हा क्रम हॅप्लोटाइपनुसार बदलला. म्हणजे 'सर्वांत चांगली मरेक्स लस कोणती' या प्रश्नाचे उत्तर पक्ष्याकडे बघितल्याशिवाय देता येत नाही. आणि बी संकुल म्हणजेही सगळे काही नाही. अमेरिकेतल्या ईस्ट लॅन्सिंग प्रयोगशाळेच्या ६ आणि ७ क्रमांकांच्या प्रसिद्ध ओळी दोन्ही बी२ च्या आहेत, तरी एक मरेक्सला दाद देत नाही आणि दुसरी बळी पडते. त्यांच्यात एचव्हीटीने मिळणारे संरक्षणही वेगळे असते.

मरेक्सची लस रक्तातल्या टायटरने तपासता येत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. हा टी पेशींचा खेळ आहे. लस लागली की नाही हे पाहायचे तर पिसांच्या मुळांतून नमुना घेऊन पीसीआरने लसविषाणूचे प्रमाण मोजावे लागते. आणि जातीवर बोट ठेवण्यापूर्वी हॅचरीत जा. मरेक्सची पेशीबद्ध लस (विषाणू जिवंत पेशींच्या आत असलेली) द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. अँपूल सुमारे २७ अंशांच्या पाण्यात वितळवायचे, एका वेळी थोडीच काढायची, आणि मिसळलेली लस साधारण तासाभरात संपवायची. यात ढिलाई झाली तर पेशी मरतात आणि बी२१ ची पिल्लेही उघडी पडतात. एक दिवसाच्या पिल्लाला मानेच्या कातडीखाली ०.२ मिली, अंड्यात १८ ते १९ दिवसांच्या भ्रूणाला ०.०५ मिली ही प्रचलित मात्रा आहे.

लसीची सुरक्षितताही जातीवर अवलंबून असू शकते. दुसऱ्या सेरोटाइपची मरेक्स लस काही विशिष्ट आनुवंशिक ओळींत लिम्फॉइड ल्युकोसिस या दुसऱ्या विषाणूजन्य कर्करोगाच्या गाठी वाढवते, हे सिद्ध आहे. त्यासाठी पक्ष्यात ल्युकोसिसचा विषाणू आधी असावा लागतो आणि गाठी मोठ्या वयात दिसतात, म्हणून लहानपणी दिलेल्या लसीशी त्याचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. मंद पिसे येणाऱ्या ओळींतही ल्युकोसिसबाबत सावध राहा. मंद पिसांचे के जनुक ज्या जागी आहे तिथेच ईव्ही२१ नावाचा अंतर्गत रेट्रोव्हायरस बसलेला असतो. अशा आयांच्या पिल्लांत त्या विषाणूबद्दल सहनशीलता येते आणि ल्युकोसिसविरुद्धची प्रतिपिंडे कमी बनतात. पिसांवरून नर-मादी ओळखायची सोय याच जनुकामुळे मिळते, म्हणून ते काढून टाकणेही सोपे नाही.

गंबोरोमध्ये जातीचा दोष उलट्या बाजूने दिसतो. हलक्या लेगहॉर्न जातीची पिल्ले तीव्र गंबोरोत ब्रॉयलरपेक्षा जास्त मरतात, आणि कडक लसीने त्यांचा बर्साही जास्त दुखावतो. आईची प्रतिपिंडे उतरलेली असताना अशा पिल्लांना इंटरमीडिएट प्लस लस दिली तर बर्सा आकसतो आणि त्यानंतर दिलेल्या राणीखेतच्या लसीला बी पेशीच कमी उरतात. मग २८व्या दिवशी राणीखेतचे टायटर कमी येते आणि आपण त्याचा दोष राणीखेतच्या लसीला किंवा जातीला देतो. तुमच्या कार्यक्रमात गंबोरोची लस राणीखेतच्या आगेमागे असेल तर टायटर कमी आलेल्या स्ट्रेनची पाच-सहा पिल्ले उघडून बर्सा आणि प्लीहा शेजारी ठेवा. या वयात बर्सा प्लीहेपेक्षा मोठा असायला हवा. लहान, पिवळट किंवा कडक असेल तर पेशीतपासणीला पाठवा. बर्साचे वजनाशी प्रमाण ब्रॉयलरमध्ये आणि लेगहॉर्नमध्ये मुळातच वेगळे असते, म्हणून एका जातीचा दाखला दुसरीला लावू नका.

आता जात खरोखर जबाबदार आहे का, हे स्वतः तपासायचे असेल तर चाचणी कशी करावी ते सांगतो. दोन्ही स्ट्रेनची अंडी शक्यतो सारख्या वयाच्या, सारखे लसीकरण झालेल्या ब्रीडर कळपांची घ्या आणि एकाच सेटरमध्ये (उबवणी यंत्रात) उबवा. पिल्लांना पंखपट्टी लावा. तिसऱ्या दिवशी प्रत्येक स्ट्रेनच्या २० पिल्लांचे रक्त घेऊन आईचे टायटर नोंदवा. प्रत्येक स्ट्रेनची १०-१५ पिल्ले लस न देता वेगळ्या जागी ठेवा, म्हणजे प्रत्येक स्ट्रेनमध्ये आईचे टायटर कसे उतरते ती रेघ हाती येते. ही पिल्ले त्याच शेडमध्ये ठेवलीत तर जिवंत लसीचा विषाणू त्यांच्यापर्यंत पोचतो आणि तुलना फुकट जाते. लस दिलेली पिल्ले मात्र एकाच कप्प्यात मिसळून ठेवा. दोन स्ट्रेन दोन कप्प्यांत असतील तर फरक कप्प्याचा की जातीचा ते कळत नाही. वेगळे ठेवायचेच असतील तर प्रत्येक स्ट्रेनला किमान चार-पाच कप्पे हवेत. पण एक सावधगिरी: मिसळलेल्या कप्प्यात संथ वाढणारी पिल्ले खाद्याच्या भांड्यापासून ढकलली जातात, म्हणून भांड्यांची जागा दीडपट ठेवा.

नमुने किती घ्यायचे? प्रत्येक गटात १६ गुणिले (टायटरचे प्रमाण विचलन भागिले तुम्हाला पकडायचा फरक) याचा वर्ग. विचलन १.५ लॉग आणि फरक १ लॉग असेल तर ३६ पिल्ले. विचलन २ असेल तर ६४. आठ-दहा पिल्लांच्या रक्तावरून दोन जातींची तुलना करणे म्हणजे नाणे उडवणे. नर-मादीही सारख्या संख्येत घ्या. कोंबडीत इंटरफेरॉन अल्फा आणि बीटाची जनुके झेड गुणसूत्रावर आहेत, आणि नरात झेड दोन असतात तर मादीत एकच. नरांचा एक गट आणि माद्यांचा दुसरा गट ताडला तर लिंगाचा फरक जातीच्या नावावर जमा होतो.

आईचे टायटर पूर्ण उतरल्यावर मेलेल्या विषाणूची लस, लेबलवरच्या मात्रेत, दोन्ही स्ट्रेनना द्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. मेलेली लस एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही, मात्रा प्रत्येकाला सारखी जाते. तिथेही फरक टिकला तर तो पिल्लांच्या स्वतःच्या प्रतिसादाचा मानायला चांगला आधार मिळतो. तिथे फरक मिटला तर तुमचा प्रश्न तारखेचा होता.

कार्यक्रम बदलायचा तो याच निकालावरून. फरक तारखेचा असेल तर प्रत्येक स्ट्रेनची गंबोरोची तारीख तिच्याच अर्धायुकाळाने काढा. राणीखेतची पहिली जिवंत लस सौम्य विषाणूची आणि लवकर द्यायला हरकत नाही, स्थानिक प्रतिकारासाठी ती उपयोगी आहे. पण मंद वाढीच्या पिल्लांना दुसरी जिवंत लस आईचे टायटर उतरल्यावर द्या. पाण्यातून देणार असाल तर दर १००० पिल्लांना त्यांच्या वयाच्या दिवसांइतके लिटर पाणी, लिटरमागे २ ते २.५ ग्रॅम सायीविना दूधपावडर, आणि दोन तासांत संपेल अशी व्यवस्था हवी. एकाच शेडमध्ये वेगवेगळ्या जाती ठेवाव्याच लागत असतील तर एचव्हीटीवर आधारित वाहक लसी (एचव्हीटी विषाणूत दुसऱ्या रोगाचे जनुक घातलेल्या) किंवा गंबोरोची इम्यून-कॉम्प्लेक्स लस (लसविषाणू प्रतिपिंडांशी बांधलेली) यांचा विचार करा. आईच्या प्रतिपिंडांचा त्यांना फारसा अडसर होत नाही. इम्यून-कॉम्प्लेक्स लस तर प्रत्येक पिल्लात त्याचे स्वतःचे टायटर उतरेल तेव्हा सुटी होते. वाहक लसीचे संरक्षण उभे राहायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. तोवर बाहेरचा विषाणू आत येऊ न देणे तुमच्या हातात आहे.

फरक खरोखर जनुकांचा निघाला तर आणखी तीव्र जिवंत लस देण्याचा मोह टाळा. कमी प्रतिसाद देणाऱ्या पिल्लांत तीव्र लसीची प्रतिक्रिया कमी होईलच असे नाही. त्याऐवजी जिवंत लसीच्या जोडीला मेलेली तेलयुक्त लस द्या किंवा बूस्टर दहा-बारा दिवस आधी घ्या. खाद्यातले बुरशीचे विष, पहिल्या आठवड्यात ३२-३३ अंशांपेक्षा थंड ब्रूडर आणि २५ पीपीएमपेक्षा जास्त अमोनिया कमी प्रतिसादाच्या जातीला आधी आणि जास्त भोवतात, म्हणून या गोष्टी तिथे काटेकोर ठेवा.

स्वतःची पैदास करणाऱ्यांसाठी आणखी थोडे. लसीच्या टायटरवर निवड करायची असेल तर आकडा पाच-सहा आठवड्यांनंतरचा घ्या, म्हणजे आईचा हिस्सा गळून जातो. निवड नराच्या कुटुंबाच्या सरासरीवर करा: एका नराची वेगवेगळ्या चार-पाच माद्यांपासूनची पिल्ले, प्रत्येकीची किमान तीन-चार. सख्ख्या भावंडांच्या सारखेपणात आईची प्रतिपिंडे आणि अंड्याचा आकार दोन्ही लपलेले असतात आणि आनुवंशिकता आहे त्याहून मोठी दिसते. सर्वांत उंच टायटरचीच पिल्ले निवडत गेलात तर वजन घसरेल आणि जिवाणूंच्या आजारांत फटका बसू शकेल. म्हणून फक्त तळाची कुटुंबे वगळा, मधली आणि वरची ठेवा. बी हॅप्लोटाइप तपासायचे तर एलईआय०२५८ या खुणेची पीसीआर चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. पण कधीकधी एकाच लांबीचा तुकडा दोन वेगळ्या हॅप्लोटाइपमध्ये सापडतो, बी२ आणि बी१५ चे असेच होते, म्हणून शंका असेल तिथे एसएनपी पॅनेलने (अनेक जनुकीय खुणा एकत्र तपासणाऱ्या चाचणीने) खात्री करा. बी२१ मिळाला म्हणून सगळा कळप त्याच्यावर नेऊ नका. मरेक्सला तो चांगला, पण उद्याच्या वेगळ्या विषाणूसमोर कोणता हॅप्लोटाइप उभा राहील ते आज ठरलेले नसते. निदान तीन-चार हॅप्लोटाइप कळपात चालू राहतील असे नर दरवर्षी आलटून-पालटून वापरा.